देणे आणि दान

आदिवासींविषयीची आपली चर्चा बहुधा शिधा, शिष्यवृत्ती आणि घरकुल यांच्या हिशेबाने सुरू होते आणि तेथेच संपते. त्यांना काय मिळाले आणि अजून किती द्यावयाचे, एवढेच त्यात असते. त्यांचे काय गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि तो विचारल्यावाचून देणे कोणते व दान कोणते, हे ठरत नाही.

बोरगाव-सौसर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हा मराठी घराण्यांना हा प्रश्न परका नाही. पूर्वजांनी ओसाड रान मोडून शेते उभी केली, असे आमच्या घरांत सांगितले जाते. त्यातील कष्ट खरे आहेत. ‘ओसाड’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले आणि निरनिराळ्या जातिधर्मांचे शेतकरी व कारागीर आपल्या राज्यात आणून स्थिर केले. म्हणजे येथे राज्य होते आणि परक्याला जागा देण्याचे औदार्यही होते. पुढे चांद सुलतानाच्या पश्चात वारसांत कलह माजला. रघूजी भोसले मदतीला म्हणून आले आणि अखेर सत्ता भोसल्यांची झाली. गोंड राजाच्या वाट्याला नेमणूक तेवढी उरली. राज्य घ्यावे आणि नेमणूक लावून द्यावी, ही रीत अशी जुनी आहे.

इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या बंदोबस्ताने मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि १८७८ च्या कायद्याने रान राखण्याचा अधिकार सरकारकडे गेला. सरपण आणावे, मोहफुले वेचावीत, गुरे चारावीत, हा ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांचा तोच व्यवहार कोठे सवलत ठरला तर कोठे गुन्हा. १९३० साली शेजारच्या सिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यात स्त्रियांचेही प्राण गेले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. आम्ही स्वतः कोणाचे काही हिसकावले नाही. मग शतकांपूर्वीच्या अन्यायाचा जाब आम्ही का द्यावा? दोष वारशाने येत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु शेत वारशाने येते तेव्हा त्यावरचा बोजाही येतो. कर्ज आपण काढले नव्हते, एवढ्यावरून तो नोंदीतून उतरत नाही. माणूस दोषी नसतानाही ऋणी असू शकतो. पितृऋण मानणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

आपल्या संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हा शब्दप्रयोग केला. त्याहून मोलाचे असे की, तो कायदा हक्क बहाल करीत नाही, त्यांना मान्यता देतो. मान्यता देता येते ती आधीपासून असलेल्या गोष्टीलाच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात हेच तत्त्व स्वीकारले : वसाहतवाले येण्यापूर्वी ती भूमी कायद्याच्या दृष्टीने बेवारस होती, ही समजूत त्याने अमान्य केली.

याचा अर्थ कल्याणयोजना निरर्थक आहेत असा नव्हे. भुकेल्या मुलाला आज अन्न हवे. त्याला इतिहास सांगून भागत नाही. पण शिधा देऊन जमिनीचे देणे फिटत नाही. सावकाराचे पैसे बुडवून त्याला सणाला जेवू घालणाऱ्यास आपण उदार म्हणत नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि घेणाऱ्याला वाकावयास लावते. हक्क मागणारा ताठ उभा राहतो. तो ताठपणा आपल्याला उर्मटपणा वाटू लागला, तर देणे आणि दान यांचा घोटाळा आपल्या मनात झाला आहे, असे समजावे.

मग आम्ही करावे काय? २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वनहक्काच्या दाव्यासाठी कागदपत्रांबरोबरच, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. अमुक तुकडा कोण कसत होते, गुरांची वाट कोठून जात होती, देवस्थान कोणत्या झाडाखाली होते, हे आमच्या घरांतील वृद्धांनाही ठाऊक असते. गोंड शेजाऱ्याचा दावा ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्यांनी ते सांगावे. या साक्षीने आमचे काही उणे होत नाही, आणि ती उपकारही नव्हे. जुनेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांनी आपल्याआधी येथे कोण होते, हे सांगावे, एवढे तरी त्यांचे देणे लागते.