सांधा कुठे, तोड कुठे

हेलिकॉप्टर हा शब्द तोडायला सांगितला तर बहुतेक जण ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे दोन तुकडे हातात ठेवतील. जिभेला तेच सोयीचं. अर्थाचा सांधा मात्र भलतीकडे आहे. ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. त्यांतून १८६१ साली पाँताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने हा शब्द घडवला. म्हणजे ‘हेलिको’ अधिक ‘प्टर’. पण ‘प्ट’ने शब्द सुरू करणं इंग्रजी जिभेला पेलत नाही, ‘टेरोडॅक्टिल’च्या आरंभीचा पी म्हणूनच मुका. गंमत अशी, की चुकीच्या जागी तुटलेले दोन्ही तुकडे कामाला लागले. हेलिपॅड झालं, क्वाडकॉप्टर झालं.

मुलांना लांब इंग्रजी शब्द शिकवताना आपण असे उच्चाराचे तुकडे पाडतो आणि तिथेच थांबतो. आघात राहूनच जातो. मराठीत आघात हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे नसतोच. फो-टो-ग्रा-फी म्हणताना चारही अक्षरांना आपण सारखा मान देतो. इंग्रजीत हा समभाव नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. प्रत्यय बदलला की जोर सरकतो, आणि ज्या स्वरावरून तो उठतो तो इतका पुसट होतो की लिहिताना अक्षर कोणतं घ्यावं हेच कळेनासं होतं. स्पेलिंगची बरीचशी रडारड इथली.

अशा वेळी शब्दाच्या भाऊबंदांकडे जावं. ‘डेफिनिट’च्या शेवटाकडे ए की आय, असा घोळ झाला तर ‘फायनाइट’ म्हणून पाहावं. आय खणखणीत ऐकू येतो. ‘मेडिसिन’मध्ये एस नसून सी आहे, हे ‘मेडिकल’ सांगतो. घोकंपट्टीपेक्षा हे केव्हाही बरं, पण शाळेत त्यासाठी तास कुणाला सापडतो?

तरीही सांध्यावरच तोडायचं, असा हट्ट मी धरणार नाही. धरला तर बसची पंचाईत होईल. लॅटिन ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातलं ‘ऑम्नि’ म्हणजे सर्व. ‘बस’ हा नुसता चतुर्थीचा प्रत्यय. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये उतारू नेणाऱ्या घोडागाड्यांना हे नाव पडलं. पुढे इंग्रजांनी शब्दाचं मुंडकं उडवून प्रत्यय तेवढा ठेवला, आणि आपण रोज सकाळी त्याच प्रत्ययात बसायला जागा मिळावी म्हणून रेटारेटी करतो.