नकलेपुढे जोडलेले हात

खोटे बोलू नये, हे आपण मुलांना फार लवकर शिकवतो. पण खोटे म्हणजे नेमके काय, हे शिकवायचे मात्र राहून जाते. बहुधा ते आपल्यालाच नीटसे ठाऊक नसते. मला ते थोडेफार उमगले ते तेविसाव्या वर्षी, आणि तेही इटलीत.

१९९९ च्या सप्टेंबरात मी नोकरीतल्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत होतो. ते संपल्यावर आठ दिवस मोकळे मिळणार होते. अण्णांना तसे कळवताच उलट टपाली पत्र आले : "फ्लॉरेन्सला जा. तिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे. माझ्या वाटचाही पाहून ये."

अण्णा तालुक्याच्या गावी शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी प्लॅस्टरच्या ओतीव पुतळ्यांवरून रेखाटनाचे धडे गिरवले आणि पुढे तीस वर्षे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे हात वळणावर आणले. इटली त्यांनी पाहिली ती पुस्तकातल्या चित्रांतून. त्यामुळे म्युनिकच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या खिशात तिकीट एकाचे असले, तरी डोळे दोघांचे होते.

फ्लॉरेन्सला पोचलो तो रविवारची संध्याकाळ झाली होती. पाठीवरची पिशवी धर्मशाळेवजा वसतिगृहात टाकून मी थेट जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकात गेलो. दाराशीच तो उभा होता. खांद्यावर गोफण, भुवया किंचित आवळलेल्या, नजर डावीकडे दूर लागलेली. राक्षसाला मारल्याचा तोरा त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. लढाई अजून व्हायची होती. भीती वाटत असूनही पाय मागे न घेणाऱ्या माणसाचे रूप इतके सुंदर असते, हे मला त्या वेळी प्रथमच दिसले. माझे हात नकळत जोडले गेले. त्या रात्री मिणमिणत्या दिव्याखाली मी अण्णांना चार पानी पत्र लिहिले आणि उजाडताच पेटीत टाकून आलो.

वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाईंना मी न्याहारीच्या वेळी मोठ्या उत्साहाने हे सारे सांगितले. कप पुसता पुसता त्या सहज म्हणाल्या, "ती नक्कल आहे हो. खरा पुतळा अकादमीच्या संग्रहालयात. आणि आज सोमवार, आज ते बंद."

मागाहून सगळे तपशील कळले. १५०४ साली पुरा झालेला तो पुतळा त्या दारापाशी ३६९ वर्षे ऊनपाऊस सोसत उभा होता. १८७३ साली तो जपणुकीसाठी आत नेला आणि १९१० साली त्याच जागी संगमरवरी प्रतिकृती उभी राहिली. यात कसलीही लपवाछपवी नव्हती. पुस्तक नीट वाचले असते तर मलाही ते कळले असते.

मंगळवारपर्यंत थांबता आले असते का? आले असते. परंतु व्हेनिसच्या खोलीचे पैसे भरून झाले होते, आणि आठ दिवसांतला एक दिवस एका पुतळ्यापायी घालवणे जिवावर आले. मी संध्याकाळची गाडी पकडली. बरे, दोन ओळींचे कार्ड तरी टाकावे? तेही टाकले नाही. अण्णांचा आनंद कशाला मोडा, अशी मी मनाची समजूत घातली. खरे म्हणजे मला माझी फजिती झाकायची होती.

परंतु नकलेने माझा पिच्छा सोडला नाही. व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या मंदिरावरचे चार घोडे पाहिले. तेही नकलाच निघाले. मूळचे घोडे आत सुरक्षित आहेत. त्यांच्यापुढे मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. हे तरी अस्सल! पण ते आले कुठून? १२०४ साली धर्मयुद्धासाठी निघालेल्या सैन्याने कॉन्स्टॅन्टिनोपल लुटले, त्या लुटीतले ते. १७९७ साली नेपोलियनने ते पॅरिसला नेले आणि १८१५ साली ते परत आले. पण परत आले ते लुटणाऱ्याच्याच दारी. म्हणजे वस्तू अस्सल असली, की ती जवळ बाळगणाराही सच्चा असतो, असे काही नाही.

त्याच चौकातला उंच घंटाघराचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला. शहराने ठरवले, होता तिथे आणि होता तसा तो पुन्हा बांधायचा. आणि १९१२ साली बांधून दाखवला. आज व्हेनिसला जाणारा जो मनोरा पाहतो तो हा. तो शेकडो वर्षांचा जुना आहे असे तिथे कोणी मला भासवले नाही. पडला होता, आम्ही उभारला, असे सरळ सांगतात. मला त्या विटांचा हेवा वाटला.

रोमला कॅपिटोलच्या टेकडीवर अश्वारूढ मार्कस ऑरेलियस भेटला. सम्राट असून तत्त्वचिंतनाची वही लिहिणारा हा माणूस. चौकातला पुतळा १९९७ सालची नक्कल; मूळचा ब्रॉन्झचा बाजूच्या संग्रहालयात. तो मूळ पुतळा टिकला कसा, याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. पुढच्या काळात अशा कितीतरी पुतळ्यांचे ब्रॉन्झ वितळवले गेले. हा वाचला, कारण लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते! सत्याला सांभाळून ठेवले ते एका गैरसमजाने.

मग माझे जोडलेले हात खोटे होते का? मी स्वतःला पुष्कळदा विचारले. घरी विठोबाच्या छापील तसबिरीपुढे डोळे मिटणाऱ्या म्हातारीला आपण म्हणतो का, की आजी, मूळ मूर्ती पंढरपुरात आहे, तुमची भक्ती वाया गेली? तिची भक्ती खरीच असते. माझेही मन त्या संध्याकाळी खरेच भरून आले होते. असे असून काहीतरी सलत होते, आणि त्याला नाव देता येत नव्हते.

ते नाव अण्णांनी दिले.

मी घरी आलो तेव्हा माझे पत्र आळीत सर्वांना वाचून दाखवून झाले होते. त्याच्या घड्या झिजल्या होत्या. कोणी आले की अण्णा ते पुन्हा काढीत आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जाई. असे होता होता दिवाळी आली. अंगणात शेजारची मुले मातीचा रायगड रचीत होती. अण्णा खुर्ची टाकून त्यांना बुरूज कसा वळवायचा ते सांगत होते. मुले आत पळाल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळे सांगून टाकले.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तरी काय पाहिले रे? जे. जे.त सगळे प्लॅस्टरचेच होते. पण ते प्लॅस्टर आहे, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते." थोड्या वेळाने म्हणाले, "तू पत्र लिहिलेस त्या रात्री ते खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला कळले आणि तू गप्प बसलास, तेव्हापासून ते खोटे होत गेले. रोज थोडेथोडे."

त्यांनी पत्र आणवले, पेन माझ्या हाती दिले आणि शेवटच्या पानाखाली एक ओळ लिहायला लावली : "मी पाहिला तो पुतळा १९१० सालची प्रतिकृती होता, मूळ पुतळा पाहायचा राहिला." ओळ वाचून त्यांनी मान डोलावली आणि पत्र पुन्हा चश्म्याच्या घराखाली ठेवले.

पाडव्याला फराळाला मंडळी जमली तेव्हा मला वाटले, आता काही ते पत्र निघत नाही. पण अण्णांनी ते काढले. चारही पाने पहिल्याइतक्याच हौसेने वाचली, आणि ती शेवटची ओळही, आवाज मुळीच न उतरवता. कोणी हसले नाही. एका पोराने मात्र विचारले, "मग खरा कधी बघणार?" अण्णा माझ्याकडे पाहत म्हणाले, "त्याला विचार."

अण्णा आज नाहीत. पत्र माझ्याजवळ आहे. आणि त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून द्यायचे आहे. दर दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला की मला फ्लॉरेन्सचा तो चौक आठवतो. हा रायगड नव्हे, हे मुलांना पक्के ठाऊक असते. तरीही ती महाराजांना सिंहासनावर बसवताना हात धुऊन येतात.