पोथी लांब धरताना

शेगावला पारायणाला बसलेली मंडळी पाहा. चाळिशी ओलांडलेले कितीतरी जण 'गजानन विजय' पोथी हात ताणून लांब धरतात. अक्षर जुळेना की आणखी लांब. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं, म्हणून जवळचं दिसेनासं होतं. मग आठवडी बाजारातला तयार चष्मा येतो. त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखाच. आपल्या दोन डोळ्यांचा मात्र पुष्कळदा वेगळा. वाचन निभतं, पण तपासणी राहून जाते, आणि खरी काळजी तिथेच आहे. काचबिंदू बहुधा दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्याच. मोतीबिंदूचं बरं, शस्त्रक्रियेनं पुन्हा दिसतं, सरकारी रुग्णालयात ती मोफतही होते.

आणि एक कळकळीचं सांगणं. सोयाबीन काढताना मळणीयंत्रापुढे साधा पारदर्शक गॉगल लावा. डोळ्यात भुसकट गेलं तर चोळू नका. मध-दूध घालू नका, घरातले जुने थेंबही नकोत. बुबुळावरच्या जखमेत बुरशी वाढू शकते. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.