गप्प झालेले मूल



कर्मेल डोंगरावर अग्नी उतरविणारा एलिया संदेष्टा पुढे रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो (१ राजे, अध्याय १९). देवाने त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी पाठविले, तेही दोनदा. प्रश्न नंतर विचारला.

आपल्याकडे उपदेश आधी! एडीएचडी असलेले मूल मुद्दाम वांडपणा करीत नाही; लक्ष टिकविणे, स्वतःला आवरणे त्याला खरोखरच जड जाते. वर्गात, घरी, मिस्सेतसुद्धा (आपण मागे वळून बघतो ना?) बोलणी खाऊन ‘मी वाईटच’ हे त्याला पटू लागते. अशा मुलांना नैराश्य इतरांपेक्षा अधिक गाठते. ते रडेलच असे नाही. चिडेल, खेळ सोडेल, झोप बिघडेल, किंवा एकदम गप्प होईल. शेजारी म्हणतात, ‘सुधारला हो!’ आईबाबांनो, त्या गप्पपणाची चौकशी करा.

दोन्हींवर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला चंचलता आणि उदासी, दोन्ही सांगा. नोव्हेना जरूर करा, पण डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. अभ्यास थोडा थोडा द्या. ‘मी नसलो तर बरे’ असे मूल बोलले तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आहे.

धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनो, अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा आणि पुस्तके वाटायचे काम त्याच्याकडे द्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू