त्रेचाळीस जण

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात एक हौशी नाट्यसंस्था होती. दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेला नाटक बसवायचं आणि स्पर्धा आटोपली की गावात त्याचा एक प्रयोग लावायचा, हा तिचा शिरस्ता. त्या वर्षी दिग्दर्शनाला बक्षीस मिळालं होतं. चौकात फ्लेक्स लागला, पोस्टर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. तिसरी घंटा झाली तेव्हा सहाशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात त्रेचाळीस माणसं बसली होती.

प्रयोग मात्र चोख झाला. सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, तीन महिने नोकरी सांभाळून रात्री अकरापर्यंत तालमी घेतल्या होत्या आणि त्या मेहनतीत खोट नव्हती. पण मेकअप पुसताना कुणी कुणाशी बोलेना. शेवटी सरच म्हणाले, ‘‘विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते आपल्याच सांगलीत. त्या मातीत ही अवस्था! लोकांना नाटक नकोच आहे. मालिका आणि मोबाइल पुरे झालाय त्यांना.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष लोकांचा ठरला की मनाला बरं वाटतं.

संस्थेत सगळ्यात लहान होती ती कॉलेजातली एक मुलगी. नेपथ्य लावायचं, चहा सांगायचा आणि तिकिटं विकायची, ही तिची कामं. दुसऱ्या दिवशी हिशेब द्यायला ती काकांकडे गेली. काकांनी उमेदीची सगळी वर्षं नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत काढलेली. मुंबई-पुण्याच्या कंपन्या गावात यायच्या तेव्हा प्लॅन काकांच्या हातात असायचा.

‘‘काल कोण कोण आलं होतं गं?’’ काकांनी विचारलं.

‘‘त्रेचाळीस जण, काका.’’

‘‘आकडा नाही विचारला, पोरी. कोण आलं होतं?’’

तिला दोन-चार ओळखीची नावं आठवली, पुढं काही सांगता येईना. काकांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत जुने प्लॅन होते, घड्यांवर विरलेले. खुर्च्यांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या फुल्या आणि फुल्यांशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात काही ना काही लिहिलेलं. ‘कडेची हवी, गुडघा.’ ‘कमी ऐकू येतं, पुढं.’ ‘सासूबाईंना घेऊन येतात, पायऱ्या नकोत.’ एका फुलीशेजारी नुसतंच ‘यंदा एकट्या’ असं होतं.

‘‘यांचे यजमान गेले त्या साली,’’ काका म्हणाले. ‘‘आधी दोघांची जागा ठरलेली असायची. त्यांनी एकच तिकीट मागितलं, तेव्हा मी शेजारची खुर्ची शेवटपर्यंत विकली नाही.’’

मुलगी बराच वेळ त्या कागदावर बोट ठेवून बसली.

मग तिनं वही घातली. ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांचे नंबर होते, उरलेल्यांची नावं कलाकारांना विचारून जमवली. एकतीस जणांचा पत्ता लागला. ती एकेकाला फोन करू लागली, जवळ राहणाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. पहिलाच फोन एका निवृत्त गुरुजींना. ते म्हणाले, ‘‘तुमच्या संस्थेचा फोन म्हटल्यावर वाटलं, वर्गणी मागताय.’’ नाटक कसं वाटलं हे विचारायला फोन केलाय, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग ते पाऊण तास बोलले.

यंत्रमागावर काम करणारा एक तरुण म्हणाला, ‘‘साडेनऊची शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून अर्ध्यातनं उठलो. त्या बापाचं पुढं काय झालं हो?’’ आठ दिवस झाले होते आणि तो अजून त्या बापातच अडकला होता.

बाजारपेठेमागं राहणाऱ्या एका बाईंचं लेकरू पहिल्या अंकात रडलं होतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून बघितलं, तशा त्या उठल्या. पण घरी गेल्या नाहीत. लेकराला खांद्यावर घेऊन दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि उरलेलं सगळं नाटक त्यांनी पडद्याआडून ऐकलं. नायिकेचं शेवटचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ‘‘दिसलं नाही, पण ऐकलं सगळं,’’ एवढंच म्हणाल्या.

वही घेऊन ती संस्थेच्या बैठकीला गेली तेव्हा सर आधी चिडले. ‘‘आपण नाटक करायचं की दारोदार फिरायचं?’’

उत्तर मिळालं ते भलतीकडून. संस्थेत विदर्भातल्या ब्रह्मपुरीकडचा एक बँकवाला होता, बदलीवर आलेला, एरवी फारसं न बोलणारा. तो म्हणाला, ‘‘सर, आमच्या झाडीपट्टीत गावच नाटक ठरवतं. वडशाला कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथं गावातलं मंडळ जातं, नाटक ठरवतं, पैशाची जोखीम घेतं. धान निघालेलं असतं. मग घरोघरी पाहुण्यांना निरोप जातात, लेकी-जावई येतात, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, पार पहाटेपर्यंत. मंडपात बसलेल्याला वाटतं, हे माझ्या घरचं कार्य आहे. आपण आपल्या गावाला निरोप कधी धाडला? फ्लेक्स लावला फक्त.’’

सर गप्प झाले. वही मागून घेतली आणि घरी नेली. मला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो हा क्षण. बक्षीस मिळालेल्या माणसानं आपल्याच प्रेक्षकाची वही रात्री एकट्यानं बसून वाचायची, याला मोठं मन लागतं.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या, पण नाटक बदललं नाही. ते सोपं केलं नाही, त्यात उगाच विनोद घातले नाहीत. ‘लोकांना हेच हवं असतं’ असं म्हणून नाटक पातळ करणं हाही लोकांचा अपमानच आहे, आणि त्या वाटेला सर गेले नाहीत. बदललं ते बाकीचं. सहाशे खुर्च्यांचं नाट्यगृह सोडून शाळेचा हॉल घेतला. सरांना आधी त्याचा कमीपणा वाटला, मग छबिलदास आठवलं. १९७४ पासून ‘आविष्कार’नं दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्येच प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी केली होती. वेळ रविवारी संध्याकाळी साडेपाचची धरली, म्हणजे एसटी चुकणार नाही. दाराजवळच्या दोन रांगा लेकुरवाळ्या बायकांसाठी ठेवल्या. प्रयोगाआधी एक तालीम सगळ्यांसाठी उघडी ठेवली. तिला गुरुजी आठवी-नववीची पोरं घेऊन आले आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी नट घामाघूम झाले. प्रयोगानंतर पडदा पडला की कलाकार मेकअप न पुसता हॉलमध्ये येऊन बसू लागले.

एकशेवीस खुर्च्यांत पहिल्या वेळी अठ्ठ्याऐंशी लोक आले. पुढच्या वेळी नेमका वळवाचा पाऊस झाला, सत्तावन्न. मुलीनं न आलेल्यांना फोन केले, रागवायला नाही, पावसात घरी नीट पोचलात ना हे विचारायला. त्यातल्या तिघांना वाटलं होतं, पावसामुळं प्रयोगच रद्द झाला असणार. तिनं वहीत लिहून ठेवलं : ‘पाऊस असला की दुपारीच कळवायचं.’

तिसऱ्या प्रयोगाला शेजारच्या वर्गातून बाकं आणावी लागली. यंत्रमागावरचा तो तरुण चार मित्रांना घेऊन आला होता. बापाचं पुढं काय होतं हे त्यानं मित्रांना सांगितलं नव्हतं, कारण ते त्यालाही माहीत नव्हतं.

काका त्या दिवशी कडेच्या खुर्चीत बसले होते. आता त्यांचाही गुडघा दुखतो.

ती मुलगी पुढं नोकरीसाठी पुण्याला गेली. वही संस्थेत आहे, तिसरी चालू आहे. प्रयोगाच्या आठ दिवस आधी शाळेच्या फाटकाशी टेबल मांडून प्लॅन उघडतात. त्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसतात त्या लेकराला खांद्यावर घेऊन दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाई.