कुरकुर कोणाची?



आपल्या घरी दुचाकी असेल तर तिची कुरकुरही आपल्या परिचयाची असेल. आवाज कोठून येतो ते उमगत नाही, आणि मनुष्य तेलाची बाटली हाती घेतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदेकाळापासून वसलेल्या एका मराठी कुटुंबात आमचा मुक्काम होता. घरचा चिरंजीव आम्हांस मोटारसायकलवर मागे बसवून नेई. महाराजबाड्यावरून हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपर्यंत गाडी एकसारखी कुईंकुईं करी. जेथे १९१८ साली संगीत महाविद्यालय स्थापन झाले, त्या नगरीत हा बेसूर! चौथ्या दिवशी आम्ही त्यास बोललोच, "वाहनाची निगा राखावी." बिचाऱ्याने साखळीस तेल दिले, ब्रेकचे लायनर बदलले. आवाज होता तसाच.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. आम्ही सुचविले, जे जे फिरते तेथे तेल सोडा. तो हसला. ब्रेकच्या ड्रममध्ये तेल गेले तर आवाज जाईल, पण गाडी थांबायचीही नाही, म्हणाला. मग त्याने विचारले, "आवाज केव्हा येत नाही?"

पाठशाळेत आम्ही अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह घोकला आहे. धूर असेल तेथे अग्नी, हा अन्वय. अग्नी नाही तेथे धूर नाही, हा व्यतिरेक. स्वयंपाकघर आणि सरोवर, दोन्ही दृष्टांत अजून मुखोद्गत आहेत. परंतु चार दिवस आम्ही केवळ आवाज मोजीत होतो. आवाज नसलेली वेळ आम्ही पाहिलीच नाही.

मिस्त्रीने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली. आवाज आला, म्हणजे इंजिन निर्दोष. मधल्या स्टँडवर चढवून मागचे चाक हाताने फिरविले, ब्रेक दाबून पाहिला, सारे निःशब्द. चिरंजीव एकटा फेरी मारून आला, तरी निःशब्द. मग मिस्त्रीने आमच्याकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, "महाराज, आपण बसावे."

आम्ही बसलो. कुईं!

मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या टोकाचा रबरी बुश सुकून चिरला होता, आणि दुहेरी भार पडला की तेथे धातूवर धातू घासत होता. आता दोष कोणाचा म्हणावा? उपादान कारण बुश, हे खरे. परंतु निमित्त आम्ही होतो, आणि ज्याला आवाज सर्वांत जास्त खुपत होता तोही आम्हीच. आम्ही न बसतो तर तो बुश मुकाट्याने झिजत राहता, म्हणून निमित्त वाईटच असे नव्हे. पण शोध करताना शोधणाऱ्याने स्वतःला वगळले होते, ही चूक बुशाची नव्हती.

नवा बुश बसला. परतताना गाडी शांत होती. चिरंजीवास विचारले, "तुला कधी कळले?"

"दुसऱ्याच दिवशी, महाराज. आपण उतरलात की आवाज थांबे."

"मग बोलला का नाहीस?"

तो काही बोलला नाही. फूलबाग मागे पडेपर्यंत आम्हीही गप्पच होतो.