टेलर दरीत, सावकाश

निवांत बसा. पाठ ताठ ठेवायचा अट्टहास नको, श्वास त्याच्या चालीने चालू दे. आता मन अंटार्क्टिकात न्या, पण पांढऱ्याशुभ्र अंटार्क्टिकात नव्हे. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांपैकी टेलर दरीत. पायाखाली बर्फ नाही. तपकिरी वाळू, खडी, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेले दगड. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतांनी खंडावरचा बर्फ पलीकडे अडवून धरला आहे, आणि वरून जे थोडं हिम पडतं त्यातलं बरंचसं वितळण्याआधीच वाफ होऊन उडून जातं. वर्षाचं सरासरी तापमान शून्याखाली पंधरा अंशांच्याही खाली.

1903 मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉट या दरीत उतरला. जिवंत असं काहीच त्याला दिसलं नाही, साधं शेवाळसुद्धा नाही, आणि त्याने तसं लिहून ठेवलं. घाईने त्याला चूक ठरवू नका. डोळ्यांना जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

तिथलीच चिमूटभर माती मनाने तळहातावर घ्या. थंड, कोरडी, खारट. तिच्यात मिलिमीटरभरही लांबी नसलेले सूत्रकृमी असतात, आणि त्यांच्यातल्या एका प्रजातीला पुढे स्कॉटचंच नाव मिळालं, स्कॉटनेमा. माती सुकली की हा जीव अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून देतो आणि वेटोळं करून पडून राहतो. खाणं नाही, हालचाल नाही, जगण्याची खूण म्हणावी असं काही हाती लागत नाही. तरी तो मेलेला नसतो. ओल मिळाली की उलगडतो. या अवस्थेपाशी हवा तेवढा वेळ थांबा. मला तर वाटतं, जगणं आणि मरणं या दोनच खोल्यांचं आपलं घर इथे अपुरं पडतं.

आता उन्हाळा येऊ द्या. सूर्य मावळत नाही. दरीतल्या कॅनडा नावाच्या हिमनदीची कडा पाझरू लागते आणि जेमतेम काही आठवडे ओहोळ वाहतात. 1990च्या दशकात संशोधकांनी सुमारे वीस वर्षं कोरड्या पडलेल्या एका पात्रात मुद्दाम पाणी वळवलं. तळाशी सूक्ष्मजीवांचा वाळलेला काळपट पापुद्रा होता. आठवडाभरात तो पुन्हा उन्हावर आपलं अन्न तयार करू लागला.

इथलं दीर्घकालीन संशोधन 1993 पासून अखंड चालू आहे, आणि त्यातलं बरंचसं काम दिसायला अगदी साधं. हिमनदीत रोवलेल्या बांबूच्या काठीशी मनाने उभे राहा. काठी बर्फाबाहेर किती उघडी आहे ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढच्या उन्हाळ्यात त्याच काठीपाशी परत यायचं. माणसाची लघवीसुद्धा डब्यात भरून दरीबाहेर नेतात. उमटलेलं पाऊल इथे वर्षानुवर्षं पुसत नाही, म्हणून ठरलेल्या वाटेवरूनच चालतात. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

सतत मोजत राहिल्यामुळेच कळलं की 1980च्या दशकाच्या मध्यापासून 2000 पर्यंत ही दरी थंड होत गेली होती. ओहोळ आटले, दरीतल्या तळ्यांची पातळी उतरली, मातीतले जीव घटले. मग 2001-02 चा उन्हाळा उबदार निघाला. शून्याच्या जरा अलीकडे बर्फ, जरा पलीकडे पाणी. तेवढ्या फरकाने तळ्यांनी कित्येक वर्षांत गमावलेलं पाणी एका उन्हाळ्यात भरून काढलं.

आता तुमच्या मनात त्या वेटोळं घातलेल्या जिवासाठी आनंद उमटला असेल. तो जरा सैल धरा. माती जास्त ओली झाल्यावर स्कॉटनेमाची संख्या घटली आणि ओलीत रमणारा दुसरा सूत्रकृमी, युडोरायलेमस, वाढला. स्कॉटनेमा कोरड्या, खारट मातीचाच रहिवासी आहे. त्याच्यासाठी पाणी मागायचं की कोरड, हे ठरवायची घाई नको. दोन्ही कृमींना मनात जागा द्या, आणि श्वास चालू दे.